कुलूप, कागद आणि १९७३

परवा स्टँडमागच्या गल्लीत एका पोराची गादी, बादली आणि पुस्तकं रस्त्यावर फेकलेला व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी बघितला. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. व्हिडिओखाली बहुतेकांनी 'बरोबर केलं' असं लिहिलंय. मी गप्प बसलो. कारण हेच मीही केलंय.

२००१ साल. पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात एक खोली, आम्ही तिघं, भाडं महिना बाराशे. तिसऱ्याने जूनपासून हात वर केले. 'पुढच्या महिन्यात नक्की' असं म्हणत म्हणत दिवाळी आली. खोली सोड म्हटलं तर म्हणे, "माझं नाव कुठे लिहिलंय? आणि तुमचं तरी कुठे लिहिलंय?" खरंच होतं. मालक आजोबांनी कागदच केला नव्हता. कागदाचा विषय काढला की हात जोडायचे, "नको रे बाबा, त्र्याहत्तर साली एकदा भोगलंय."

त्र्याहत्तर साली काय झालं, ते मला पुढे कोर्टाच्या बातम्या करायला लागल्यावर कळलं.

मुंबई इलाख्यात भाड्यावर सरकारी बंधन आलं ते १९१८ मध्ये, महायुद्धातल्या घरटंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. जुन्या भाडेकरूंचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जे होतं तिथेच गोठवलं. तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षं चालला. भाडेकरूला बळ मिळालं, ते गरजेचंही होतं. पण भाड्यात चुन्याचा खर्च निघेना म्हणून मालकांनी डागडुजी सोडली. पागडी टेबलाखालून चालू झाली.

मालकांनी पळवाट काढली लिव्ह अँड लायसन्सची. म्हणजे हा भाडेकरू नव्हे, नुसता परवानगीने राहणारा. पाहुण्यासारखा. १९७३ च्या दुरुस्तीने ती वाट बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ ला जो जो असा लायसन्सवर राहत होता, तो भाडेकरू ठरला. अकरा महिन्यांसाठी दिलेली खोली कायमची गेली. गरजू माणसं वाचली, हे मान्यच. पण मालकांनी धडा घेतला तो भलताच : कागद केला की घर जातं.

१९९७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्यात. नवा कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यात चक्र उलटं फिरलं. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई, आणि त्यासाठी वेगळा सक्षम प्राधिकारी. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर भाडेकरू अटी सांगेल त्या धरायच्या, मालक वेगळं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे आजोबा आमच्यापुढे हात जोडत होते, तेव्हा त्यांना वाचवणारा कागद कायद्यात येऊन दीड वर्ष झालं होतं.

पण कुलूप बदलायची परवानगी कुठल्याच कायद्याने दिलेली नाही. मालक पाणी-वीजही तोडू शकत नाही. ताब्यातून बेकायदा काढलेल्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो, मालकी कुणाचीही असो.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तो दिवाळीला गावी गेला आणि आम्ही कुलूप बदललं. त्याची पत्र्याची पेटी जिन्याखाली ठेवली. तो रात्री अकराच्या सुमारास आला, दार वाजवलं, मग वाजवायचा थांबला. सकाळी बघतो तर पायरीवर बसलेला, आजोबा त्याला चहा देत होते. पेटी उचलून गेला. दोन हजार बुडाले. त्याचं आठवत नाही एवढं, पायरीवरचा तो आठवतो.

काल त्या व्हिडिओतल्या घरी जाऊन आलो. बाईंचं खरंच नुकसान झालंय, भाड्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता होता. विचारलं, करार केला होता का? म्हणाल्या, "छे हो! कागद केला की माणूस कायमचा बसतो."

बाईंचं वय असेल पस्तीस.