जुन्या ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी: गर्दी आणि घाट पाहून निवडा

इंदूर: भंवरकुआं चौकात जुन्या ऑटोमॅटिक गाडीची दोन्ही बाजूंनी परीक्षा होते. विद्यापीठ आणि कोचिंग क्लासेसमुळे इथे थांबत-थांबत चालावे लागते. इथूनच खंडवा रोड सुटतो आणि सिमरोलच्या पुढे घाट लागतो. आग्रा-मुंबई रस्त्याने महाराष्ट्राकडे निघाले तर धामनोदच्या अलीकडे गणपती घाट आणि सेंधव्यानंतर बिजासन घाट. गणपती घाट तर ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. म्हणून व्हॉल्व्ह बॉडी निवडताना गाडी किती जोरात पळेल यापेक्षा ती गर्दीत कशी चालेल आणि उतारावर कशी आवरेल, हे आधी पाहावे.

हा भाग नेमका काय?
नावात 'मॅन्युअल' असले तरी हा भाग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचाच. क्लचचे पेडल असलेल्या नेहमीच्या अँबेसिडर किंवा पद्मिनीत तो नसतो. जुन्या अमेरिकी शेव्हरले, ब्युइक, फोर्ड अशा गाड्यांच्या ऑटोमॅटिक बॉक्सखाली धातूचा एक ठोकळा असतो. त्यात तेलाच्या वाटा, छोटे व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि गोळ्या असतात. गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय यानुसार तेलाचा दाब बदलतो आणि गिअर आपोआप पडतो. मॅन्युअल बॉडी बसवली की हे आपोआप पडणे बंद. लिव्हर जिथे, तो गिअर. क्लच मात्र लागत नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टर तसाच राहतो.

गर्दीत काय होते?
प्रत्येक सिग्नलला लिव्हर पहिल्यावर आणावा लागतो. विसरून तिसऱ्यावरच गाडी उचलली तर कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापते. अशा बहुतेक बॉडीत तेलाचा दाब कायम चढा असतो, त्यामुळे हळू चालवतानाही गिअर झटका देत पडतो. किकडाउन नसतो, म्हणजे ओव्हरटेक करताना खालचा गिअर आपणच टाकायचा.

निवडताना तीन प्रश्न
१) लिव्हरचा क्रम कोणता? मूळ क्रम पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, दोन, एक असा. 'रिव्हर्स पॅटर्न' बॉडीत न्यूट्रलनंतर आधी पहिला गिअर येतो. शर्यतीत ते सोयीचे, कारण वरचा गिअर टाकताना चुकून न्यूट्रल पडत नाही. पण घरातल्या दुसऱ्या कुणी 'ड्राइव्ह' समजून लिव्हर टाकला तर गाडी पहिल्यावरच अडकून राहते. रस्त्यासाठी मूळ क्रमच बरा.

२) इंजिन ब्रेकिंग आहे का? शर्यतीच्या काही बॉडीत खालच्या गिअरला ते मुद्दाम काढलेले असते. पाय उचलला की गाडी मोकळी धावते आणि घाटात सगळा भार ब्रेकवर येतो. जुने ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात. त्यामुळे इंजिन ब्रेकिंग असलेलीच बॉडी घ्यावी. मात्र ओल्या रस्त्यावर जास्त वेगात एकदम पहिला टाकू नये; मागची चाके घसरतात.

३) ट्रान्सब्रेक आहे का? ही शर्यतीच्या सुरुवातीला गाडी जागेवर धरून ठेवण्याची सोय. रस्त्यावर तिचा उपयोग नाही.

बॉडी गिअरबॉक्सच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावी. पॉवरग्लाइड (१९५०), टॉर्कफ्लाइट (१९५६), टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) यांच्या बॉडी एकमेकांना बसत नाहीत. एकाच मॉडेलमध्येही सालाप्रमाणे फरक पडतो.

कागदपत्रांची बाजू
जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. अशी नोंदणी झालेली गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नाही. गिअरबॉक्सला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे आणि मूळ व्हॉल्व्ह बॉडी भंगारात न देता तेल लावून जपून ठेवावी.

मग करावे काय?
गिअर उशिरा पडतात एवढीच तक्रार असेल तर आधी योग्य प्रतीचे तेल, फिल्टर, व्हॅक्यूमची नळी आणि लिंकेज तपासावे. अनेकदा दुखणे तिथेच निघते. चौकातून घाटापर्यंत कुटुंबासह जायचे असेल, तर नीट जुळवलेली मूळ ऑटोमॅटिक बॉडीच सर्वात भरवशाची. तिच्यातही उतारावर लिव्हर दोनवर आणून गाडी आवरता येते.