निकोडेमस : चौदा माणसांचे गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ, ग्रॅहम परगण्यात निकोडेमस नावाची एक वस्ती आहे. तिला नगरपालिकेची सनद नाही, नगराध्यक्ष नाही. कायदेशीर सीमाच नसल्यामुळे जनगणना खात्याला मोजणीपुरती रेषा आखावी लागते. २०२० साली त्या रेषेच्या आत १४ माणसे भरली. एवढ्याशा वस्तीला इतिहास तो कसला, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु १४ हा आकडा कोठून आला, याचा शोध घेतला की एका समाजाची सारी धडपड आपल्यापुढे उभी राहते.

१८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी संपली. पण दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना जमीन मिळाली नाही आणि सुरक्षितताही लाभली नाही. उलट, १८६२ च्या कायद्याने पश्चिमेकडील सरकारी जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू शकत होते. १८७७ साली डब्ल्यू. एच. स्मिथ हा कृष्णवर्णीय गृहस्थ आणि डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यापारी यांनी या वसाहतीची योजना आखली. त्याच वर्षी केंटकी राज्यातून सुमारे तीनशे माणसे निघाली. एलिसपर्यंत आगगाडी होती. पुढचे पस्तीसएक मैल पायी तुडवायचे होते. लाकूड मिळेना, म्हणून त्यांनी जमीन खोदून तीत घरे केली. १८७८ मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांना गाव दिसेना. दिसला तो केवळ जमिनीतून निघणारा धूर. तो पाहून आपल्याला रडू कोसळले, असे त्यांनी पुढे सांगितले. पहिल्या हिवाळ्यात ओसेज आदिवासी शिकाऱ्यांनी आपल्याजवळचे अन्न दिले, म्हणून अनेकांचे प्राण वाचले.

तरीही गाव उभे राहिले. १८८० पर्यंत गाव व भोवतालची टाउनशिप मिळून २५८ कृष्णवर्णीय आणि ५८ गोरे राहत होते. शाळा, मंदिरे, टपालघर, दुकाने झाली. आता हवा होता लोहमार्ग. १८८७ मध्ये गावकऱ्यांनी त्यासाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. पण मिसुरी पॅसिफिकची गाडी आलीच नाही. पुढच्या वर्षी युनियन पॅसिफिकचा मार्ग नदीच्या पलीकडून गेला आणि तेथे बोग हे गाव वसले. दुकानदारांनी आपली दुकाने तिकडे हलवली. पुढे १९३० च्या दशकातील अवर्षण व धुळीची वादळे आली. १९३५ साली ७६ माणसे उरली, १९५० साली केवळ १६. १९५३ मध्ये टपालघरही बंद झाले.

शिरगणतीच्या हिशेबाने गाव येथे संपायला हवे होते. पण दरवर्षी उन्हाळ्यात, गुलामगिरीच्या मुक्तीचा उत्सव करण्यासाठी, दूरदूरच्या शहरांतून या गावाचे शेकडो वंशज आपल्या मुळांकडे परततात. १९९६ साली संघराज्याने गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. टाउनशिप सभागृह, शाळा, दोन मंदिरे व जुने हॉटेल अशा पाच इमारती आता त्याखाली येतात.

जनगणना एका ठरावीक दिवशी कोण कोठे राहते, एवढेच विचारते. ते तिचे काम आहे आणि ते आवश्यकही आहे. कारण शाळा, रस्ते व टपालघरे याच आकड्यांवर टिकतात वा बंद पडतात. परंतु एखादे गाव कोणाचे, हे ठरवताना तेथे राहणाऱ्यांइतकेच तेथे परतणाऱ्यांनाही मोजावे लागेल. निकोडेमसची खरी लोकसंख्या आम्हांला विचाराल, तर आम्ही ती उत्सवाच्या दिवशी मोजू.