तळटीप १७ : ‘ऑगस्टचे वादळ’

१७. पावसापाण्याशी याचा संबंध नाही. ऑगस्ट १९७२च्या पहिल्या आठवड्यात सूर्यावरच्या एकाच डागसमूहातून लागोपाठ सौरज्वाला उसळल्या आणि ४ तारखेला पृथ्वीजवळ वेगवान प्रोटॉनांचा मारा शिगेला पोचला. अपोलो १६ एप्रिलात परतले होते, अपोलो १७ डिसेंबरात निघायचे होते. म्हणून चंद्रावर कोणी नव्हते, इतकेच. लेखकाचा ‘अर्धा तास’ मात्र सैल अर्थाने घ्यावा. ज्वालेचा उजेड आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत येतात; प्रोटॉन मागाहून, कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांनी. अंदाज बांधायला हाती एवढीच फट. क्ष-किरण किती तीव्र होते, ओसरायला किती वेळ लागला, रेडिओलहरींचा कल्लोळ उठला का, आणि ज्वाला सूर्यबिंबावर नेमकी कुठे, हे त्यात पाहतात. पश्चिमेकडची ज्वाला जास्त धोक्याची : सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने त्याच्या चुंबकरेषा बागेतल्या फिरत्या फवाऱ्याच्या धारेसारख्या वळतात, आणि पृथ्वीपर्यंत येणारी रेषा बहुधा त्या बाजूने निघते. मोठी ज्वाला दिसूनही प्रोटॉन न येणे नेहमीचेच. तेव्हा खोट्या इशाऱ्यांबद्दलचा लेखकाचा वैताग रास्त आहे. — संपा.