उंदरांची वंशावळ

कोल्हापुरात सकाळची गंगावेस. कट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत, समोरच काढलेल्या धारेचा पेला तुमच्या हातात, वर बोटभर फेस. ही म्हैस कुणाच्या पोटची, हिची आई किती दूध द्यायची, कुठला रेडा दाखवला होता, सगळं गवळ्याला तोंडपाठ. वही नाही की पेन नाही. दूध संपवा आणि डोळे मिटा. जायचंय मुंबईला, पण आजच्या मुंबईला नाही. तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेस राहू द्या.

साल १९६०च्या आसपासचं. परळ, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. दार ढकलताच भुसा आणि उंदरांच्या मुताचा उग्र दर्प नाकात शिरतो. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे इथे स्तनाच्या कॅन्सरचा माग काढताहेत, आणि त्यासाठी त्यांना हवेत एकसारखे उंदीर. सगळे सारखे असले, तरच फरक पडला तो औषधाने की रक्तातच होता, ते कळणार. म्हणून सख्ख्या भाऊ-बहिणींचा जोडा लावायचा, त्यांच्या पिल्लांचा पुन्हा तसाच, अशा किमान २० पिढ्या. उंदरीण तीन आठवड्यांत विते, पिल्लू दीड-दोन महिन्यांत वयात येतं; तरी हिशेब चांगला पाच वर्षांवर जातो. गवळ्याला हे सांगितलंत तर तो कानावर हात ठेवेल. पण इथे घडलेल्या एका वाणाला संस्थेचंच नाव मिळालंय, आयसीआरसी. या माद्यांना स्तनाच्या गाठी होतात, आणि संशोधकांना नेमकं तेच हवंय.

जनुकाला मात्र इथे कुणी हात लावलेला नाही. वंशात जे आहे त्यातूनच निवडायचं.

१९८०. अमेरिकेतलं येल विद्यापीठ, फ्रँक रडल यांची प्रयोगशाळा, जॉन गॉर्डन आणि सहकाऱ्यांचं काम: उंदराच्या अंड्यात बाहेरून डीएनए टोचायचा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. गोल, पारदर्शक, नुकतंच फळलेलं अंडं. डाव्या बाजूने काचेच्या बोथट नळीने ते चोखून धरलंय. आत दोन फिकट वर्तुळं दिसतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. दोन्ही अजून एकमेकांत मिसळायची आहेत. बापाचं जरा मोठं, म्हणून नेम त्याच्यावर. उजवीकडून सुई येते, इतकी बारीक की टोक कुठे संपलं ते कळत नाही. अंड्याला खळगा पडतो, आणखी जरा दाब, आणि सुई आत. वर्तुळ टम्म फुगलं की समजायचं, डीएनए पोहोचला. सुई झटकन मागे. काही अंडी इथेच फुटतात.

जगलेली अंडी उसन्या आईच्या पोटात ठेवायची. तिच्या शरीराला वाटलं पाहिजे की आपण गाभण आहोत. म्हणून तिला आधी नसबंदी केलेल्या नराजवळ सोडायचं. मग तीन आठवडे वाट. एका खेपेला ७८ उंदीर तपासले, त्यातल्या फक्त दोघांत टोचलेला डीएनए स्पष्ट सापडला. दुकानात असा हिशेब मांडला तर दुसऱ्या दिवशी शटर खाली! पण या दोघांवर शोधनिबंध छापून येतो आणि जग बदलतं.

पुढची वर्षं भराभर मागे टाका. एखादं जनुक मुद्दाम निकामी केलेले ‘नॉकआउट’ उंदीर, त्यासाठी २००७चं नोबेल, २०१३मध्ये जनुक कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने केलेली उंदरांची पिल्लं. यांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

उतरायचंय खारघरला, २०११मध्ये. टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे परळच्या त्याच संस्थेचा नवा पत्ता. सुईने टोचायचं यंत्र महाग, आणि त्यावर बसलेला हात त्याहून दुर्मीळ. डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने अंड्याचा नादच सोडलाय. जनुक वाहून नेणारा विषाणू ते थेट जिवंत नराच्या वृषणात टोचतात. शुक्राणू जिथे तयार होतात त्या मूळपेशींतच जनुक शिरलं की पुढचं काम नर आणि मादी नेहमीच्या रीतीने करतात. उसनी आई नको, काचेची नळी नको. जेलीफिशकडून आलेलं हिरव्या चकाकीचं जनुक वापरलं, तर पिल्लांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या दिसतात. मला स्वतःला हे येलच्या सुईपेक्षा जास्त हुशारीचं वाटतं. गरजेतून निघालेली वाट आहे ती.

तरी उंदीरखान्यातलं रोजचं काम परळसारखंच. नैतिकता समितीची परवानगी आधी, मग जोडा. पिल्लं झाली की शेपटीचं टोक तपासणीला, कानाला खूण, पिंजऱ्यावर कार्ड: बापाचा नंबर, आईचा नंबर, जन्मतारीख, जनुक आलं की नाही. एका कार्डावरची तारीख पुसट झाली तर त्या पिंजऱ्यातली सगळी पिल्लं प्रयोगातून बाद. कार्ड लिहिणाऱ्याचं नाव शोधनिबंधात असेलच असं नाही. आत्ता तो नव्या पिल्लांपुढे बसलाय आणि तुम्हाला म्हणतो, “जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.”