कन्व्हर्टर मागे सरकवू नका, मंडळी!

सध्या गावोगावी गाड्यांचे एक्झॉस्ट बदलायचं फॅड आलंय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे गेला विचारलं, की 'मागे ढकलला' असं मला सांगतात. म्हणून थोडा इतिहास.

अमेरिकेत १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांना तो लागला, तेव्हा बसायचा गाडीच्या पोटाखाली. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून सोबत शिसेविरहित पेट्रोलही आलं.

पण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, आणि गार इंजिनाचा धूर सर्वात घाण. म्हणूनच कंपन्यांनी पुढे तो इंजिनाला खेटून बसवला. मागे ढकलला, की आपण पन्नास वर्षं मागे. बदल करायचाच, तर नियमात राहून कन्व्हर्टरनंतरच्या नळीत करा; त्याची जागा हलवू नका. धूर शेवटी आपल्याच गल्लीत राहतो.