लूपच्या आतून बाहेर

एक नाव शोधायचे आहे, पण मूल कोणत्या वर्गात आहे ते ठाऊक नाही. आपण एकेक हजेरीपट उघडतो, नावे वाचत जातो. नाव सापडले की हातातला पट मिटतो आणि उरलेले पट उघडतच नाही. संगणकाला मात्र हे दुसरे थांबणे वेगळे सांगावे लागते.

आज्ञावलीत इथे एकात एक अशी दोन लूप असतात. बाहेरचे पट बदलते, आतले नावे वाचते. १९७२च्या सुमारास घडलेल्या 'सी' भाषेतली 'ब्रेक' ही आज्ञा फक्त आतले लूप थांबवते. पट मिटतो, पण पुढचा उघडला जातोच!

यावर जुना उपाय म्हणजे 'गो टू', थेट हव्या त्या ओळीवर उडी. पण १९६८ साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी या आज्ञेवर कडाडून टीका केली. कुठूनही कुठेही उड्या मारता आल्या, तर एखाद्या ओळीपर्यंत संगणक कसा पोचला हे वाचून समजत नाही. मग आज्ञावली बरोबर आहे याची खात्री कशी पटवायची?

त्याआधी १९६६ मध्ये बोम आणि याकोपिनी या इटालियन गणितज्ञांनी दाखवले होते, की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती एवढ्यावर सर्व काही भागते. मात्र त्यासाठी 'सापडले का?' अशी खूण ठेवणारे जादा चल लागू शकते. दोन्ही लूप प्रत्येक फेरीला ती खूण तपासणार.

ही खूण टाळता येईल का? मूळचे भारतीय असलेले राव कोसराजू यांनी १९७४ मध्ये याचे उत्तर सिद्ध केले. एका झटक्यात जितक्या पातळ्या बाहेर पडता येते, त्यावर भाषेची ताकद ठरते. काही आज्ञावल्या कमी पातळ्यांच्या 'ब्रेक'ने, जादा चलाशिवाय, लिहिताच येत नाहीत. त्याच वर्षी कनूथ यांनीही 'गो टू' काही ठिकाणी योग्यच ठरते, असे सविस्तर मांडले.

१९९५ साली आलेल्या 'जावा'ने मधला मार्ग काढला : बाहेरच्या लूपला नाव द्यायचे आणि 'ब्रेक'पुढे ते नाव लिहायचे. 'पायथन'मध्ये अशीच सोय करण्याची सूचना २००७ मध्ये नाकारली गेली. एवढी गुंतागुंत क्वचितच लागते आणि बहुतेक वेळा दोन्ही लूप एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवून 'रिटर्न' केले की भागते, असे कारण दिले गेले.

वर्गात हे चारही मार्ग फळ्यावर लिहून पाहा. संगणक न चालवता, नुसते वाचून, मुलांना कोणता मार्ग पटकन समजावून सांगता येतो? डाइक्स्ट्रांचा मूळ प्रश्न हाच होता.