सिंहगडची लढाई
मराठे व मोगल यांच्यात ४ फेब्रुवारी १६७० रोजी रात्री झालेली इतिहासप्रसिद्ध लढाई. पुण्याच्या नैर्ऋत्येस सु. २५ किमी.वर असलेला सिंहगड ऊर्फ कोंढाणा समुद्रसपाटीपासून सु. १,३०० मी. उंच असून पुण्याहून धायरी, नांदेड, खडकवासला या गावांच्या परिसरातून त्याच्या पायथ्याकडे वाट जाते. या टापूवर गडावरून नजर ठेवता येत असल्यामुळे, गड शत्रूच्या हाती असताना पुणे प्रांताचा ताबा निर्वेध राहणे शक्य नव्हते.

पुरंदरच्या तहान्वये (जून १६६५) छत्रपती शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणा प्रमुख होता. आग्र्याच्या भेटीसाठी दिलेली रक्कम वसूल करण्याच्या निमित्ताने औरंगजेबाने महाराजांच्या वऱ्हाडातील जहागिरीचा काही भाग जप्त केला. १६६९ च्या अखेरीस तह मोडला आणि गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली.

कोंढाण्याची कामगिरी तानाजी मालुसरे यांनी पतकरली. सभासद बखरीनुसार ते निवडक तीनशे मावळ्यांनिशी रात्री कडा चढून गेले. किल्लेदार उदेभान राठोड व तानाजी यांच्यात द्वंद्व होऊन दोघेही पडले. नायक पडताच मावळ्यांचा धीर खचू लागला. तेव्हा तानाजींचे बंधू सूर्याजी यांनी त्यांना सावरून गड जिंकला. पागेची छपरे पेटवून राजगडास विजयाची खूण देण्यात आली.

या प्रसंगाभोवती पुढे अनेक कथा रचल्या गेल्या. यशवंती घोरपडीची कथा तुळशीदासाच्या पोवाड्यातील असून सभासद बखरीत ती आढळत नाही. तानाजींच्या मृत्यूनंतर गडास सिंहगड हे नाव पडले, हा समजही ग्राह्य नाही. कारण १६६३ मधील महाराजांच्या एका पत्रात हे नाव आलेले आहे. हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला (१९०३) या कादंबरीमुळे ही कथा घरोघर पोहोचली. मात्र आख्यायिका वजा केल्या, तरी तानाजींच्या बलिदानाचे मोल कमी होत नाही.

या विजयानंतर जूनअखेरपर्यंत पुरंदर, लोहगड, माहुली, कर्नाळा व रोहिडा हे किल्ले मराठ्यांनी परत मिळविले. बचावाचा काळ संपून स्वराज्य पुन्हा चढाईस सिद्ध झाले व चार वर्षांनी महाराजांचा राज्याभिषेक झाला (१६७४).

छत्रपती संभाजी महाराजांच्या वधाच्या वर्षी (१६८९) गड पुन्हा मोगलांकडे गेला. १६९३ मध्ये नावजी बलकवडे व विठोजी कारके यांनी तो परत जिंकला. औरंगजेबाशी झुंज चालू असता राजधानी दूर जिंजीस असताना मिळालेले हे यशही मोलाचे होते; तथापि पहिल्या लढाईच्या तुलनेत ते लोकस्मृतीत फारसे उरले नाही. मार्च १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे याच गडावर निधन झाले. मार्च १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. तानाजी व राजाराम महाराज यांची स्मारके गडावर आहेत.